बडोद्याहून कोकणात : चार दिवस आपलीच एक होडी ठरवून शांत किनारे बघता येतील का?

रेसकोर्सवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्या मावसभावाने यंदा ग्रीसला आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतली होती. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी फोटो. हिरवंनिळं पाणी, एकच बोट, माणूस औषधालाही नाही. आमच्याकडे त्यावरून दोन पक्ष पडले. मुलं (१३ आणि ९) म्हणतात आपणही जाऊया. नवरा म्हणतो तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईल आणि वर पैसे उरतील. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मी मधला मार्ग शोधतेय.

आपल्या कोकणात असं काही जमतं का? दिवाळीत इथल्या शाळांना एकवीस दिवस सुट्टी असते, त्यातले चार-पाच दिवस. एक होडी आपल्यापुरती ठरवायची, जिथे गर्दी नाही अशा किनाऱ्यांवर, बेटांवर जायचं, वाटेल तिथे थांबायचं. तारकर्लीला आम्ही दोनदा गेलोय. दोन्ही वेळा वीस जणांत कोंबून डॉल्फिन दाखवले, म्हणजे डॉल्फिनच्या मागे लागलेल्या इतर होड्या दाखवल्या. ते आणि ती केळ्यावर बसवून पाण्यात पाडायची राईड, दोन्ही नको.

होडीतच रात्री झोपता येतं का? ठरवायची कोणाकडून? खर्च साधारण किती?

आणि खरी अडचण आई. वय ७२, गुडघे दुखरे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आमच्या ओळखीचं त्यात कोणी नव्हतं, पण तेव्हापासून आई होडी म्हटलं की विषय बदलते. तिला घरी ठेवून जायचं नाहीये. तिला काय सांगू?

मकरपुरा_निवृत्त

मी सांगतो. आमचं घराणं पाच पिढ्या बडोद्यात. समुद्र म्हणजे सुरतजवळचं डुमस, आणि डुमसला समुद्र बघायला जातच नाहीत, भजी खायला जातात. तेव्हा हे मी कोकणी माणूस म्हणून लिहीत नाही. दोनदा गेलो, एकदा फजिती झाली, एकदा जमलं, एवढाच अनुभव.

आधी ग्रीस डोक्यातून काढा. किनारे फिरवणाऱ्या होडीतच रात्री झोपणं कोकणात नाही. प्रवासी परवाना असलेल्या होड्या उजेडात जातात आणि सूर्यास्ताच्या आत परततात. झोपायचं किनाऱ्यावर, कोणाच्या तरी घरच्या दोन खोल्यांत. होडीला टप नाही, असलीच तर ताडपत्री. संडास नाही. (हे बायकोने मुद्दाम लिहायला सांगितलंय, आणि पुढेही तिचं म्हणणं येईल.) पण होडी दिवसभर तुमची, आणि तुम्ही म्हणाल तिथे थांबते. मला विचाराल तर पुरे.

२०२२ ची फजिती आधी सांगतो, कारण त्यातच सगळं आलं. आपल्याकडे लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, दुकानं उघडतात. मी म्हटलं, मुहूर्त चांगला, त्याच दिवशी निघू. देवबागला एक होडी फोनवरून ठरवली. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. तिथून बाहेर पडलं की समोर भोगवे, खाली निवती. नकाशावर मी पेन्सिलने रेघ मारली होती, इंजिनिअर ना. सकाळी साडेसातला निघालो, पावणेआठला संगमाच्या तोंडाशी होडी खर्रर्र करून वाळूवर बसली. पाणी ओसरत होतं. होडीवाला पोरगा खाली उतरला, ढकललं, मी उतरलो, ढकललं, पाणी घोट्याएवढं. मग त्याने इंजिन वर उचलून ठेवलं आणि म्हणाला, "काका, आता बसा." साडेनऊ वाजून गेल्यावर पाणी चढलं तेव्हा सुटलो. तोवर दांडियाबाजारातून नेलेला किलोभर लीलो चिवडा संपला होता, आणि वारा सुटला होता.

त्या पोराचा दोष नाही. त्याला मीच वेळ सांगितली होती आणि गिऱ्हाईक म्हणेल तसं म्हणून तो निघाला. नंतर एका म्हाताऱ्या तांडेलाने (होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाने) मला हिशेब शिकवला तो असा : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. दुपारी पावणेचार आणि पहाटे तेवढ्याच सुमाराला. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे मी बरोब्बर उतरत्या पाण्यात रेतीच्या दांड्यावर होडी घालायला गेलो होतो. अष्टमीला हाच हिशेब केला तर भरती सहाला, सकाळ-संध्याकाळ. सकाळी भरल्या खाडीतून बाहेर पडा, दुपारी पाणी परत चढायला लागलं की आत या. आणि अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही नि फार उतरतही नाही. लक्ष्मीपूजनाच्या आसपास अमावस्येचं उधाण असतं, ते टाळा. आपण कवी-कंबोईला देऊळ पाण्यात बुडताना बघतो ना, खंभातच्या आखातात ते पाणी कुठल्या कुठे जातं. मालवणला चढ-उतार त्याच्या चौथाईसुद्धा नसेल, पण होडीच्या बुडाखाली हातभर पाणी कमी पडलं तरी पुरतं. बडोद्याचा माणूस तिथी लाडू-चकलीसाठी बघतो, एकदा होडीसाठी बघा.

२०२४ ला अष्टमी-नवमी धरून गेलो. तेव्हा घरात हरणीचीच सावली होती, माझ्या सासूबाई (७६) तर लाइफ जॅकेट बघितल्याशिवाय खोलीतून निघेनात. तेव्हा मी आदल्या संध्याकाळी होडीवर गेलो. आतली सगळी जॅकेटं काढायला लावली आणि प्रत्येकाचं बकल लावून, ओढून बघितलं. पहिल्या वर्षीच्या होडीत आठातली तीन बकलं तुटकी होती, हे मला परत आल्यावर फोटोत दिसलं. या वेळी सगळी धड निघाली, पण लहान मापाचं एकही नव्हतं. तांडेलाने शेजारच्या होडीतून दोन आणली. तुमच्या नऊ वर्षांच्या पोराला मोठं जॅकेट घालू नका, पाण्यात ते डोक्यावरून निघून वर येतं. होडीच्या कडेला नोंदणीचा नंबर आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो, तो वाचा. आकड्यात मुलंही मोजायची, मांडीवरचं तान्हं सुद्धा. इंजिन बंद पडलं तर काय, हे विचारा. आमच्या तांडेलाने काही न बोलता दोन वल्ही आणि नांगराचा दोर दाखवला. मासेमारीची होडी स्वस्तात नेतो म्हणणारे भेटतील, त्यात बसायचं नाही. तो परवानाच वेगळा.

तर नवमीला पावणेसातला निघालो. सकाळी जमिनीकडून वारा असतो, तिकडे मतलई म्हणतात, तोवर पाणी तेलासारखं. पहिल्यांदा भोगवे. लांबच लांब वाळू, आणि त्या वेळी तिथे आम्ही आणि एक कुत्रा. मग किल्ले निवतीच्या पायथ्याची छोटी पुळण, दोन्हीकडून खडक, मध्ये जेमतेम पन्नास पावलांची वाळू. तिथे सासूबाईंनी पाण्यात पाय सोडून दीड तास घालवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरात हे ऐतिहासिक आहे. होडी खडकाला बांधून तांडेल शिंपल्यातला कसलासा जीव सुरीने काढत बसला होता. नाव विचारलं तर म्हणाला, "कालवं. खातंस?" मी सेव-उसळवाला माणूस. पण खाल्लं. लिंबू सुद्धा न पिळता. खारट, गार, आणि घशाखाली जाताना समुद्राचा वास.

त्याहून बाहेर, लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकाळ बेटांचा पुंजका आहे, दीपगृह असलेला. तिथल्या गुहेत पाकोळ्या नावाचे पक्षी लाळेची घरटी करतात. या घरट्यांची पूर्वी तस्करी चालायची. आम्ही तिथवर गेलो नाही. तांडेलाने आकाशाकडे बघून नाही म्हटलं आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. या सगळ्यात मी शिकलो ते एवढंच : होडी बघून तांडेल ठरवू नका, "नाही" म्हणणारा तांडेल बघून होडी ठरवा. फोनवर "चौथ्या दिवशी रॉकला जाऊच" असं छातीठोक सांगणारा नको. दुपारी अकरा-बाराला खारा वारा सुटतो, लाटांना टोकं येतात, त्याच्या आत मुख्य फिरणं उरकायचं आणि उरलेला वेळ खाडीत. खाडीत आत, कोर्जई-चिपीच्या बाजूला, कांदळवनाच्या कडेने इंजिन बंद करून वल्ह्यावर जायला सांगा. मुलांना तेच जास्त आवडेल, पैज.

आई कशी चढणार, हा तुमचा प्रश्न. भोगव्याला धक्का नाही. होडी मांडीभर पाण्यात उभी राहते, तिथे फळी लावून गुडघेदुखीवाल्या माणसाने चढायचं म्हणजे कठीण. आमच्या तांडेलाने काय केलं, समोरच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागवली. सासूबाईंना कोरड्या वाळूवर तिच्यावर बसवलं, दोघांनी दोन बाजूंनी उचललं आणि सरळ होडीच्या काठाला लावलं. तिथून एक पाऊल. उतरताना तेच उलट. पालखी निघाल्यासारखं. सासूबाई पदर सावरून दोन्हीकडे बघत होत्या, जणू रोजचंच आहे.

बायकोचं म्हणणं : दर दोन तासांनी ज्या किनाऱ्याला घर आहे तिथे थांबायचं हे आधीच ठरवा. भोगव्याला जेवण सांगून ठेवलेल्या घरी सोय झाली. जेवणाचे पैसे द्या म्हणजे संकोच नाही.

खर्च : आम्ही सहाजण, दिवसाला साडेआठ हजार, पेट्रोल धरून, दोन दिवस. भाव मी केला नाही, आता बदललाही असेल. बाकीचे दिवस होडी नको, कंटाळा येतो. सलग चार दिवस उन्हात पाणी कापणं फोटोत छान दिसतं.

देवबागचो झील

तुमचो हिशोब बराबर, पण घड्याळ मुंबयचा आसा.

मालवणीत लिहीत बसलो तर बडोद्याची माणसं पळतील, म्हणून पुढचं शुद्ध. तिथीची पाऊणपट ही मुंबईच्या बाजूची वेळ. आमच्याकडे भरती त्याच्या साधारण पाऊण-एक तास आधी होते. काका वाळूवर बसले त्या दिवशी ओहोटी पुरी व्हायला अजून तासभर होता, म्हणून दोन तास अडकले. पाऊण तास आधी निघाले असते तर कदाचित पार झाले असते. त्या पोराला हे माहीत असणार, पण बोलला नसेल.

संगमातली ती रेती दरवर्षी जागा बदलते. गेल्या वर्षीचा माणूस यंदाचा दांडा सांगू शकत नाही, तेव्हा तिथल्याच, रोज जाणाऱ्याकडे होडी घ्या. त्सुनामी आयलंड म्हणून जे दाखवतात तीही रेतीच, ओहोटीला वर येते. तुम्हाला जे नको आहे, ते सगळं तिथे आहे.

मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. दिवाळीला हंगाम जोरात सुरू असतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला वादळं येतात. २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं तेव्हा देवबागात घरात पाणी शिरलं होतं. बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होडी सुटत नाही, पैसे परत मागा आणि सिंधुदुर्ग किल्ला राहू द्या पुढच्या वेळेला. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते, आमच्याकडची तरुण पोरं मोबाईलवर तोच बघतात. म्हातारे अजून वाराच बघतात. बरेचदा दोघांचं एक येतं.

शनिवार-रविवार टाळा. आणि कालवं कच्ची खाल्लीत, बरं वाटलं वाचून.

दांडियाबाजार_जुने

सगळे दक्षिणेला निघालात. अहो, आपल्या गायकवाडी राज्याला स्वतःचा समुद्र होता! ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं, कोडीनार होतं, खाली बिलिमोरा. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलं, १९२६ साली सुरू झालं. त्याच्याही आधी महाराजांनी जेम्स हॉर्नेल या सागरी जीवांच्या अभ्यासकाला ओखामंडळाच्या किनाऱ्याचा अहवाल करायला लावलं होतं, त्याचा पहिला भाग १९०९ सालचा. कुठल्या खाडीत कोणता शिंपला, कुठे मोत्याची शक्यता, हे राज्याला हवं होतं. बडोद्यात बसून.

सौराष्ट्र मेलने रात्री निघालं की ओखा. बेट द्वारकेला आता सुदर्शन सेतूवरून गाडीने जातात, फेब्रुवारी २०२४ पासून. पूर्वी सगळे फेरीबोटीने जायचे, तेव्हा होडीवाल्यांना उसंत नसे. आता भाविक पुलावरून जातात आणि होडी आपल्यापुरती मिळणं सोपं झालं असावं. बेटाच्या पूर्वेला डन्नी पॉइंटकडे, देवळांपासून लांब, ओहोटीला खडकांवर प्रवाळ आणि समुद्रफुलं उघडी पडतात. त्याच कच्छच्या आखातात मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ चं. त्यातल्या बेटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, पिरोटनला तर नाहीच नाही. कोणी "चालतं हो" म्हणाला तरी चालत नाही.

आईंना द्वारकाधीशाचं दर्शन सांगा, होडीचं नंतर सांगा. मी माझ्या आईला असंच नेलं होतं.

पूर्वीची_वाडीकर (आता जर्मनी)

बडोद्यातल्या वाडी भागातली आहे, आता इकडे. मावसभावाचं वाचून हसले. ते फोटोतलं पाणी खरंच तसं असतं, पण फोटोत न आलेलं सांगते.

बोट शनिवारी घ्यायची, शनिवारी परत करायची, अधेमधे सहसा मिळत नाही. स्वतः चालवायची तर परवाना लागतो, क्रोएशियात वर रेडिओचं प्रमाणपत्रही. नाहीतर कप्तान घ्यायचा. तो तुमच्याबरोबर बोटीतच झोपतो आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी वारा असा सुटतो की दोन-दोन दिवस बंदरात बसून राहावं लागतं. आम्ही शहाणपणाने पश्चिमेला, आयोनियन बाजूला गेलो, मेगानिसी बेटाच्या बोटांसारख्या खाड्यांत. तिथे खाणावळवालाच धक्का बांधून ठेवतो. रात्री त्याच्याकडे जेवलात तर बोट फुकट बांधा. अगदी भोगव्याच्या त्या घरासारखं.

संडास असतो, पण कपाटाएवढा, आणि हाताने पंप मारायचा. कागद आत टाकायचा नाही. आमच्याकडे एकाने टाकला. पुढचा अर्धा दिवस शांत खाडीत आम्ही काय केलं ते सांगत नाही. आईंना त्या उभ्या शिडीवरून दिवसातून दहा वेळा वर-खाली करायला लावणार असाल तर आधी खुर्चीचा शोध लावा.

रेसकोर्सवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ठरलं ते सांगते.

कार्तिक शुद्ध सप्तमीला पोचायचं, अष्टमी आणि नवमी होडी, मग दोन दिवस नुसतं देवबागला पडून. कुडाळला थांबणारी गाडी बघून तिकिटं काढलीत, नवऱ्यानेच काढली, कारण साडेआठ हजारांचा आकडा त्याला गच्चीपेक्षा लहान वाटला. ओखा फेब्रुवारीत. दांडियाबाजार_जुने काका, तो अहवाल बडोद्यात कुठे वाचायला मिळेल तर कळवा. मोठ्याच्या शाळेत संस्थानावर प्रकल्प आहे आणि तो नुसता लक्ष्मी विलास पॅलेसचे फोटो चिकटवून मोकळा होणार आहे.

झील, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. तुमच्या ओळखीत "नाही" म्हणणारा कोणी असेल तर सांगा. धाकट्याच्या मापाचं जॅकेट मी इथूनच घेऊन येणार, बकल दुकानात ओढून बघितलंय, दुकानदाराने विचित्र पाहिलं.

आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. भरती-ओहोटी, बावटा, वल्ही, सगळं ऐकलं, पण मटार सोलता सोलता. खुर्चीपाशी आल्यावर मात्र हात थांबला. तो परिच्छेद परत वाचायला लावला. मग बराच वेळ काही बोलली नाही. रात्री झोपताना म्हणाली, "त्यांना विचारून ठेव, खुर्ची हातांची आहे ना. बिनहातांच्या खुर्चीवरून मी घसरते."